तांबट लेनचे ठोके चालू राहावेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात पणजीला भाचीकडे आठ दिवस राहून आले. तिचे घर फोंतेन्हासपासून पायी दहा मिनिटांवर, त्यामुळे रोज सकाळी फिरायला त्याच गल्ल्यांत जात होते. पोर्तुगीज काळातली ही वस्ती. पिवळ्या, निळ्या, लाल भिंती, कौलांची उतरती छपरे, रस्त्यावर डोकावणाऱ्या लहान बाल्कन्या. १८१८ सालचे सेंट सेबास्तियन चॅपेलही इथेच आहे. आता बऱ्याच घरांच्या तळमजल्यावर चित्रांची दालने आणि हाताने रंगवलेल्या फरश्यांची दुकाने आहेत. या फरश्यांना तिकडे अझुलेजो म्हणतात. एका दुकानात मी तासभर बसले. एक मुलगी पांढऱ्या फरशीवर बारीक कुंचल्याने निळ्या रंगात मासळीवाली काढत होती. फरशी पुन्हा भट्टीत गेली की रंग तिच्या चकाकीत कायमचा मुरतो, असे तिने मान वर न करताच सांगितले. गल्लीतल्या घरांवरच्या नावांच्या पाट्याही अशाच फरश्यांच्या. दुकानात जे विकायला आहे ते आधी वस्तीच्या भिंतींवर लागलेले आहे, हे मला फार आवडले.

पण तिथल्याच काही दारांवर ‘फोटो काढू नका, इथे माणसे राहतात’ अशा पाट्याही होत्या. एका आजींनी सकाळी खिडकी उघडली, समोर फोटोसाठी उभे असलेले जोडपे पाहिले आणि खिडकी पुन्हा लावून घेतली. ती बंद झालेली खिडकी अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

हे पत्र लिहिण्याचे कारण आपले जुने नाशिक. सिंहस्थाची तयारी सुरू आहे. २०२७ मध्ये लाखो माणसे गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, येतील. गोदाघाट, सरकारवाडा, सराफ बाजार, भांडी बाजार आणि तांबट लेन हा सगळा पट्टा कलावस्ती म्हणून सजवावा, असे आता अनेकांच्या बोलण्यात येते. तसे झाले तर सर्वांत आधी मला आनंद होईल. माझे माहेर तिवंधा चौकाजवळ. सकाळची शाळा असली की आईच्या हाकेआधी तांबटांच्या हातोड्यांनी जाग यायची.

पणजीहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी तांबट लेनमध्ये गेले. पूर्वी गल्लीभर ठोके ऐकू येत. त्या दिवशी दोनच ठिकाणी ऐकू आले. एका ओट्यावर साठीचे एक कारागीर घंगाळ मठारत बसले होते. ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते. तांब्याचा पत्रा ठोकत गेले की कडक होत जातो, म्हणून तो पुन्हा पुन्हा भट्टीत तापवून मऊ करावा लागतो. भांड्याचा आकार आला की शेवटी मठारकाम. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकाशेजारी एक, एकसारखे ठोके द्यायचे. त्या ठोक्यांनी भांड्याला चमक येतेच, शिवाय पत्रा घट्ट बसतो आणि भांडे सहज पोचत नाही. यंत्रावर नुसते ठसे उमटवलेले भांडे शेजारी ठेवले तर फरक हाताला कळतो. १८८३ च्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटिअरनेही इथल्या तांब्या-पितळेच्या कामाची दखल घेतलेली आहे. त्या कारागिरांचा मुलगा अंबडच्या कारखान्यात नोकरीला आहे. ‘त्याला हातोडी धरता येते, पण महिन्याचा पगार इथे कुठून आणू?’ असे ते म्हणाले. मला उत्तर देता आले नाही. आमच्या घरचा तांब्याचा बंब १९९२ साली गीझर आल्यावर मीच किलोच्या भावाने मोडीत दिला होता. त्याची आजही खंत वाटते.

म्हणून सुशोभीकरणाचे आराखडे करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. आधी भट्ट्यांचा विचार करा, दिव्यांचे खांब नंतर. धूर आणि आवाजाची तक्रार पुढे करून कारागिरांना शहराबाहेर हलवले, तर गल्लीत तांब्याच्या वस्तूंची शोभेची दुकाने उरतील आणि तांबट एकही नसेल. धुराडी उंच करून द्या, भाडेकरू कारागिरांना जागेची शाश्वती द्या. कल्हई शिकायला येणाऱ्या मुलांना वर्षभर विद्यावेतन द्या. नवसागर आणि कथील घेऊन दारोदार फिरणारा कल्हईवाला आता दिसत नाही आणि कल्हईवाचून पितळेच्या पातेल्यात आंबट शिजवता येत नाही. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत डिझाइन शिकलेल्या मंडळींनी कारागिरांबरोबर बसून आजच्या घरांत लागतील अशा वस्तू घडवल्या. तसे इथेही होऊ शकते.

आणखी एक. भांडी बाजार आणि सराफ बाजार पुराच्या वाटेत आहेत. १९६९ चा पूर मोठ्यांच्या आठवणीत आहे, २ ऑगस्ट २०१६ चा आपण सर्वांनी पाहिला. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून आपण पूर मोजतो; तिच्या कुठपर्यंत पाणी आले हे विचारूनच जोती किती उंच घ्यायची ते ठरवावे. आणि लेनमधली रंगपंचमीची रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा जमिनीतला हौद, त्या गल्लीतल्या घरांची आहे, ती तिकीट लावून बाराही महिने उघडी ठेवण्याचा विचार कोणी मनातही आणू नये.

गिऱ्हाईक कुठून येणार, असे विचारले जाईल. सिंहस्थाला आलेला भाविक गंगेचे पाणी घरी नेतोच. आज ते प्लास्टिकच्या कॅनमधून जाते. पूर्वी तोंड बंद केलेल्या तांब्याच्या गडूतून जात असे. तांबट लेनमध्ये घडवलेला, घडवणाऱ्याचा शिक्का असलेला लहान गडू रामकुंडाजवळ रास्त भावात मिळाला, तर कितीतरी घरांत नाशिकचे काम पोहोचेल. मी त्या कारागिरांना असे पाच गडू घडवायला सांगितले आहेत. बुधवारी बाजाराला जाईन तेव्हा घेऊन येईन.

आपली नम्र,
एक वाचक, पंचवटी, नाशिक