एक्सल बदलण्याच्या सल्ल्यात दोन गोष्टी राहिल्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोटारीची दुरुस्ती घरच्या घरी करण्याविषयी आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात पुढचा एक्सल, म्हणजेच गिअरबॉक्सची ताकद चाकाकडे नेणारा दांडा किंवा ड्राइव्ह शाफ्ट, बदलण्याचे काम ऑइल फिल्टर बदलण्याच्या पंक्तीला बसवले आहे. हे काम घरी होऊ शकते, याबद्दल माझे दुमत नाही. मात्र शाफ्ट गिअरबॉक्समधून कसा काढावा हे लेखात सविस्तर आले असले, तरी गाडी कशावर टेकवावी आणि शेवटी नट कसा आवळावा याची बोळवण एकेका वाक्यात झाली आहे. आणि खरी जोखीम तर याच दोन ठिकाणी आहे.

गाडीसोबत मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरताच असतो. या कामात लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट सोडवून हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो भाग, बाहेर ओढावे लागते आणि पहारीने शाफ्ट उचकटताना अख्खी गाडी हलते. म्हणून जमीन सपाट व टणक हवी, हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना ठोकळे लावलेले हवेत आणि वजन जॅक स्टँडवर (गाडी टेकवायच्या लोखंडी तिवईवर) घेतलेले हवे. जॅक हायड्रॉलिक असला तरी निव्वळ त्याच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. विटांची चळत तर मुळीच चालणार नाही, कारण वीट कोणतीही पूर्वसूचना न देता फुटते.

आता नटाविषयी. हबच्या मधोमध असणारा हा मोठा नट चाक जमिनीवर असतानाच, कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगून, पकड सुटेल इतपतच सैल करावा लागतो. गाडी उचलल्यावर ती पकड सुटता सुटत नाही. बऱ्याच गाड्यांत त्याची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून दाबलेली असते, ती आधी छिन्नीने उचलून घ्यावी लागते, आणि असा नट पुन्हा न वापरता नवाच लावायचा असतो. तो किती आवळायचा हे हाताच्या अंदाजावर सोडता येत नाही. अनेक गाड्यांत हा आकडा 200 न्यूटन-मीटरच्या (आवळण्याच्या जोराचे, म्हणजे टॉर्कचे, माप) आसपास किंवा त्याहून बराच अधिक असतो, मॉडेलप्रमाणे तो बदलतो आणि कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच पाहावा लागतो. पुष्कळ गाड्यांत चाकाचे बेअरिंग याच नटाच्या दाबाने एकत्र धरलेले असते. नट पुरता सैल किंवा काढलेला असताना गाडीचे वजन चाकावर घेतले किंवा गाडी थोडी जरी ढकलली, तरी चांगले बेअरिंग खराब होऊ शकते. त्यामुळे टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोराने नट आवळता येणारा पाना, नसेल, तर हे काम हाती घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लेखात आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता: शाफ्ट बदलायलाच हवा का? वळण घेताना चाकाकडून कट-कट आवाज येत असेल, तर बाहेरचा सीव्ही जॉइंट (शाफ्टच्या चाकाकडच्या टोकाचा, वळतानाही फिरणारा सांधा) झिजलेला असण्याची शक्यता मोठी. पण त्यावरचे रबरी आवरण, म्हणजे बूट, नुकताच फाटला असेल, आवाज नसेल आणि आत माती-पाणी शिरले नसेल, तर जॉइंट स्वच्छ करून नवे ग्रीस व नवा बूट घातला की भागते.

बदलायचाच ठरला, तर शाफ्टला धरून ओढू नये, नाहीतर आतला जॉइंट सुटून हातात येतो. पहार आतल्या जॉइंटच्या कवचाला लावावी. शाफ्ट निघताच गिअरबॉक्समधून तेल येते, तेव्हा खाली भांडे ठेवावे आणि तेल अडवणारे ऑइल सीलही त्याच वेळी बदलावे. नवा शाफ्ट जुन्याशेजारी ठेवून लांबी, टोकावरच्या स्प्लाइनचे (खाचांचे) दाते आणि असल्यास एबीएसची (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) रिंग ताडून पाहावी. बसवताना सर्क्लिप (शाफ्ट अडकवून धरणारी तारेची कडी) ‘टक्’ करून खाचेत बसल्याचे हाताला जाणवते; तसे जाणवले नाही, तर शाफ्ट पुरता आत गेला आहे असे धरून चालू नये.

जॅक स्टँड आणि टॉर्क यांविषयीचा मजकूर आपण पुढील पुरवणीत ठळकपणे द्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक