आठवीच्या कंपासपेटीतली चिठ्ठी

नागपूर, शाळा उघडायच्या आदल्या रात्री

चि. अथर्व,

बाटलीवरून आपलं वाजलं अन् तू न जेवता झोपला. तोंडानं सांगितलं की तुला लेक्चर वाटतं, म्हणून लिहिते. पोट्ट्यांसमोर उघडू नको.

उद्या नव्या शाळेच्या गेटवर तोरण, गुलाबाचं फूल, मुख्याध्यापकांचं भाषण. ते तासाभराचं. नव्या पोराचं खरं स्वागत मधल्या सुट्टीत, नळापाशी होतं. सातवीपर्यंत तुम्हीच मोठे होते. आता नववी-दहावीचे मिशा फुटलेले. नळावर तेच, मुतारीच्या दारातही तेच. मग नवी पोरं काय करतात? जायला लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत, अकरापासून पाचपर्यंत. आपल्याकडे शाळा जूनअखेर उघडल्या तरी उकाडा तसाच. लघवीला जळजळ होते, शेवटच्या दोन तासांना डोकं ठणकतं अन् घरच्यांना वाटतं, अभ्यास झेपत नाही.

लिटरची बाटली दिली आहे, सुट्टीपर्यंत अर्धी संपव. घंटा झाली की आधी डबा खा. शेवटच्या पाच मिनिटांत गर्दी ओसरते, तेव्हा जा. नाहीच जमलं तर तासाला हात वर कर, त्यात लाज कसली!

पुन्हा पाण्यावरच आले. जाऊ दे.

पहिला आठवडा वेळापत्रक कच्चं असतं, दोन वह्या पुरे. दप्तर वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत असावं असा नियम आहे. तुझं वजन अडतीस, म्हणजे पावणेचार किलो धर. त्यात बाटलीचाच एक किलो गेला.

नाव विचारतील, गाणं म्हणायला लावतील. वाटलं तर म्हण. पण पैसे मागणं, डबा हिसकणं, मुतारीची कडी बाहेरून लावणं ही गंमत नाही. राज्याचा 1999 चा रॅगिंगविरोधी कायदा आहे. लेखी तक्रार गेली की मुख्याध्यापकांना सात दिवसांत चौकशी करावीच लागते. कागद मी लिहीन. तू फक्त दिवस, जागा अन् कोण होतं ते सांग. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

झालंच बघ लेक्चर. चुकलं माझं, बेटा. पहिलीला वॉटरबॅगचा पट्टा चावून चावून तू पार चिंध्या केला होता, आज तोच डोळ्यांसमोर येत होता. अन् संध्याकाळी तू पहिली फुलपँट घालून आरशासमोर उभा राहिला, आबा बघतच राहिले. दोन इंच दुमड ठेवायला सांगितली आहे, दिवाळीपर्यंत उसवावी लागेल.

डब्यात आलूची भाजी अन् दोन पोळ्या जास्तीच्या आहेत. बाकावर शेजारी जो बसेल त्याला विचार, तोही नवाच असेल.

बाटली किती संपली ते मी विचारणार नाही. पण गेटजवळच्या झाडाला ओतून येऊ नको.

तुझी,
आई