बाबा, तुमचं पुस्तक वाचून झालं

धारवाड, रविवार रात्र

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, 'द पोर्ट्रेट ऑफ अ लेडी' काल रात्री संपवलं. बारावीत असताना तुम्ही हातात दिलं होतंत, "ही इझाबेल वाच, कुणाला बधत नाही" म्हणून. तेव्हा पन्नास पानांपुढे गेले नाही. गेले दोन महिने झोप येत नाही, म्हणून पुन्हा काढलं.

फार निराश झाले, बाबा. चक्क लॉर्डाला नाही म्हणणारी, अमेरिकेहून मागोमाग आलेल्या गुडवुडलाही नकार देणारी पोर. पुढे सत्तर हजार पौंड हाताशी, तेही 1881 सालच्या कादंबरीत! आणि पत्करते कुणाला, तर त्या ऑझमंडला. बरं, फसली. माणूस फसतं, त्याचा मला राग नाही. नवऱ्याने अडवूनही ती मरायला टेकलेल्या मावसभावाला, राल्फला, भेटायला इंग्लंडला जाते, तिथे मी अंथरुणात उठून बसले. वाटलं, सुटली. आणि शेवटी पुन्हा रोमची वाट धरते. सावत्र लेकीला, पॅन्सीला, शब्द दिला होता हे खरं. पण तेवढ्यासाठीच गेली का, हे लेखक सांगतच नाही. तिथे समासात तुम्ही पेन्सिलीने 'धैर्य' लिहिलंय. त्या शब्दाकडे मी कितीतरी वेळ बघत बसले.

मला ते जमणार नाही, बाबा. मी नांदायला परत जाणार नाही. गुरुवारी वकिलांकडे सही करून आले. घाईत नाही केलं. दोनदा परत गेले होते, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही माझ्या भल्यासाठीच समजूत घातलीत, त्याचं मनाला लावून घेऊ नका. पण माझी कुणी पॅन्सी तिथे वाट बघत नाही. आणि पगार माझा आहे, भाडं भागतं.

आई, रडू नको गं. खोली कोरडी आहे. पाणी रोज येत नाही, पण टाकी मोठी आहे. मालकीणबाई येता-जाता "ऊट आतेनव्वा?" विचारतात. मी हो म्हणते, आणि खरंच जेवलेली असते. तुझी शेंगाचटणी अजून अर्धा डबा आहे. परवा पावसात वीज गेली, तेव्हा खानापूरचं घर आठवलं. कंदील बारीक करून तुम्हा दोघांच्या मध्ये निजायची मी, आणि झोपेतही तुझं बोट सोडायची नाही.

बाबा, कौलं चाळायला स्वतः चढायचं नाही, गडी लावा. बीपीची गोळी चुकवायची नाही. आई, तू डबीतला वार बघून दे. आणि गुडघा बेळगावला डॉक्टरांना दाखव, नुसतं तेल चोळत बसू नको. गाडीचे पैसे पाठवलेत, ते तांदळाच्या डब्यात लपवायचे नाहीत.

आत्या विचारेलच. धारवाडला नोकरीला आहे एवढंच सांगा. पुढचं मी आल्यावर माझ्या तोंडाने सांगेन, तुम्हाला मान खाली घालायला नको.

शनिवारी संध्याकाळच्या बसने येते. पुस्तक आणते, बाबा. तुमच्या शब्दाखाली मीही पेन्सिलीने चार ओळी लिहिल्यात. रागावू नका, चष्मा लावून वाचा.

तुमची
धाकटी