लाईन गेली तेव्हा

नागपूर,
26 ऑगस्ट 2025

प्रिय मंदार,

तुझा 'काय झालं बे प्लेसमेंटचं?' हा मेसेज पाच दिवस पडून आहे. फोनवर सांगितलं असतं तर तू आधी हसला असतास, म्हणून पत्र.

गुरुवारी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, कंपनीची ऑनलाइन चाचणी म्हणजे अ‍ॅप्टी होती. घरूनच. चाळीस प्रश्न, साठ मिनिटं, मागे जायची सोय नाही. सतराव्या प्रश्नावर होतो, दोन नळ आणि एक गळकी टाकी. गल्लीतल्या डीपीतून 'ठो' आवाज आला आणि लाईन गेली. लॅपटॉप चालू, वायफाय बंद. हॉटस्पॉट लावायचं तर मोबाइल आईच्या कपाटात, कारण फोन खोलीत नको हे सूचनेतच होतं. उठावं तर कॅमेऱ्याची भीती. पंखा बंद, घामाने बनियन पाठीला चिकटलेलं, आणि मी शहाण्यासारखा स्क्रीनवरच्या चकरीकडे बघत बसलो. बावीस मिनिटांनी लाईन आली, पण घड्याळ तिकडे सर्व्हरवर पळतच होतं. उरली तेरा मिनिटं, प्रश्न चोवीस. निगेटिव्ह मार्किंग विसरून तुक्के हाणले. कटऑफच्या खाली गेलो, हे सांगायला नको.

कॉलेजात प्लेसमेंट बघणारे टीपीओ सर म्हणाले, "अर्ज आण, पुरावा लाव." बाबा लगेच वकील झाले. 2024 च्या नीटमध्ये वेळ वाया गेलेल्या 1563 जणांचे ग्रेस मार्क काढून फेरपरीक्षेची संधी दिली, ती 23 जूनला झाली, हे त्यांना तोंडपाठ. मी शोधलं तर इंदूर सापडलं. यंदा 4 मेला नीट चालू असताना तिथे वीज गेली. हायकोर्टाच्या एका न्यायाधीशांनी जूनअखेर त्या मुलांची पुन्हा परीक्षा घ्या म्हटलं, आणि जुलैत खंडपीठाने ते फिरवलं. बाबा त्या दिवशी जेवताना गप्प होते.

पहिला अर्ज दोन पानी झाला. त्यात 'वीज गेली नसती तर मी नक्की पास झालो असतो' असंही होतं. ते खोडलं. फक्त तुला सांगतो, ती टाकी मला येतच नव्हती, आणि आधीच्या सोळातले चार अंदाजपंचेच होते. शेवटी आठ ओळी राहिल्या: लाईन किती वाजता गेली, किती वाजता आली, तक्रार नंबरचा एसएमएस, स्क्रीनशॉट. गुण वाढवून नकोत, पुन्हा बसू द्या.

मधे शनिवारी मारबत निघाली, इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक. महाल भागात गर्दीत उभा राहून मीही बोंबललो, "सर्व्हर घेऊन जा गे मारबत!" शेजारच्या काकूंनी वळून पाहिलं.

काल सरांनी अर्ज उभ्याउभ्याच वाचला. "आणखी कोणाची लाईन गेली होती का?" माझ्या एकट्याचीच, सर. "मग ते म्हणतील, एकासाठी पेपर काढायचा का?" तरी त्यांनी माझ्यासमोरच कंपनीला मेल केला. उत्तर नाही अजून.

हो म्हणाले तर फार तर दोन दिवस हातात मिळतील. तुझ्या त्या निळ्या वहीतली नळ-टाकीची पानं फोटो काढून आजच पाठव. उद्या गणपती बसतात, मखर माझ्याच गळ्यात आहे.

तुझा,
निख्या