पॉली फार्मर नुसता 'उंच खेळाडू' नव्हता

महोदय,

पर्थविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख आवडला. स्वान नदी, दुपारनंतरचा वारा, खेळपट्टीची उसळी सगळे नेमके उतरले आहे. मात्र शेवटच्या चौकटीत ऑस्ट्रेलियन फुटबॉलला 'धसमुसळ्यांचा खेळ' म्हणून लेखक मोकळा झाला, आणि ग्रॅहम 'पॉली' फार्मरला 'उंचीच्या जोरावर गाजलेला' अशा एका ओळीत गुंडाळले. या शहरात राहणाऱ्या माझ्यासारख्याला हे खटकणारच. 2024च्या नोव्हेंबरात भारताने ज्या ऑप्टस स्टेडियमवर 295 धावांनी कसोटी जिंकली, त्याच्या जवळूनच जाणाऱ्या हमरस्त्याला याच फार्मरचे नाव आहे. त्या रस्त्यावरच्या बोगद्याला तर पर्थकर सरळ 'पॉली पाइप' म्हणतात.

आधी उंचीचे बोलू. फार्मर 191 सेंटिमीटर होता. तो ज्या जागी खेळायचा तिथे आज बहुतेक दोन मीटरच्या आसपासचे गडी असतात, आणि त्याच्या काळातही तो सगळ्यांत उंच वगैरे नव्हता. त्यात लहानपणी पोलिओ झाल्याने डावा पाय उजव्यापेक्षा आखूड. जन्म 1935चा, वंशाने नूंगार आदिवासी. तान्हेपणीच आईपासून दुरावला आणि पर्थच्या 'सिस्टर केट्स' अनाथाश्रमात वाढला. उजळ वर्णाची आदिवासी मुले गोऱ्यांच्या वळणावर आणायची, या हेतूने ती संस्था काढलेली होती. 'पॉली' हे नावही तिथलेच. पोपटासारखा बडबडतो म्हणून पडलेले.

आता त्याचा खरा पराक्रम. या खेळात चेंडू फेकायला मनाई आहे. एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा, याला हँडबॉल म्हणतात. त्या काळी हँडबॉल म्हणजे अडचणीतली पळवाट. चारी बाजूंनी घेरले गेलात, लाथ मारायला जागाच उरली नाही, तर कसाबसा चेंडू सोडवायचा. फार्मरने तेच चढाईचे हत्यार केले. तो 'रकमन' होता, म्हणजे पंचाने मध्यावर चेंडू आपटून वर उडवला की प्रतिस्पर्ध्याशी उडी लढवणारा. फार्मर क्षणभर आधीच झेपावायचा, दुसऱ्याच्या वर चढायचा, चेंडू हातात आला की जमिनीवर पाय टेकायच्या आत अंग वळवायचा, आणि ठोसा थेट पळत्या साथीदाराच्या पुढ्यात. त्या साथीदाराला थांबावे लागत नसे, मागे वळावे लागत नसे. सगळी गंमत तिथेच होती. सरावासाठी तो उभ्या मोटारीच्या उघड्या खिडकीतून चेंडू मारत बसायचा, असे इथे अजून सांगतात. लेखकाला यात धसमुसळेपणा कुठे दिसला?

कारकीर्द थोडक्यात सांगतो. 1953 ते 1961 ईस्ट पर्थ क्लब, तीन अजिंक्यपदे. 1962ला व्हिक्टोरियातल्या जिलाँग क्लबकडे गेला आणि पहिल्याच सामन्यात गुडघा मोडून घेतला. तो मोसम जवळजवळ वायाच गेला. इथले टीकाकार 'झाले, संपला' म्हणाले असतील तर नवल नाही. पुढच्याच वर्षी जिलाँगने मेलबर्नच्या एमसीजीवर अंतिम सामन्यात हॉथॉर्नला 49 गुणांनी हरवले. फार्मर झेप घेणार आणि चपळ बिली गॉगिन खालून चेंडू उचलून पळणार, ही जोडी तेव्हाच जमली. जिलाँगचे कर्णधारपदही त्याने तीन मोसम सांभाळले. मग पर्थला परतून वेस्ट पर्थचा कर्णधार-प्रशिक्षक झाला आणि 1969 आणि 1971ची अजिंक्यपदे जिंकली, दोन्ही वेळा समोर जुना संघ ईस्ट पर्थ! तिन्ही क्लब मिळून 356 सामने.

लेखकाचे एक म्हणणे मात्र मी खोडून काढणार नाही. हा खेळ अंगावर घेतो, आणि त्याची किंमत फार्मरनेही मोजली. उतारवयात त्याला स्मृतिभ्रंशाने ग्रासले. 2019च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या 84व्या वर्षी तो गेला. कुटुंबाने मेंदू तपासणीला दिला आणि 2020मध्ये निष्कर्ष आला: सीटीई, म्हणजे डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांतून जडणारा मेंदूचा विकार. एएफएल, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलची सर्वोच्च लीग, तिच्या खेळाडूत तो आढळल्याचे हे पहिलेच निदान. आज या लीगमध्ये डोक्याला मार लागून शुद्ध हरपली किंवा भोवळ आली, तर खेळाडूला किमान 12 दिवस सामना खेळता येत नाही. फार्मरच्या जमान्यात पाण्याचा हबका मारून पुन्हा मैदानात पाठवत. तेव्हा धोक्याबद्दल जरूर लिहा, खरे तर सविस्तर लिहा. पण तो धोका कुणाच्या कसबाला झाकायला वापरू नका. ज्याने हा खेळ डोक्याने खेळायला शिकवला, त्याच्याच डोक्याचे असे व्हावे, हे मला फार अन्यायाचे वाटते.

जाता जाता एक दुरुस्ती. चौकटीत फार्मरची सँडओव्हर पदके (पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या लीगमधल्या मोसमाच्या सर्वोत्तम खेळाडूला पंचांच्या मतांवरून मिळणारी) दोन दिली आहेत. ती तीन आहेत: 1956, 1957 आणि 1960. 1957ला मते समसमान पडूनही पदक ईस्ट फ्रीमँटलच्या जॅक क्लार्कला मिळाले होते. फार्मरला ते बऱ्याच वर्षांनी, मागाहून बहाल करण्यात आले. जुन्या याद्यांत म्हणूनच दोनच सापडतात. पुढच्या रविवारी तेवढा खुलासा छापावा.

– एक वाचक, पर्थ (पश्चिम ऑस्ट्रेलिया)