पर्सेप्ट्रॉनचा विसर पडू नये

माननीय संपादक महोदय,

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या इतिहासावर मराठी वृत्तपत्रांत हल्ली जे लेख येतात, त्यांत बहुधा १९५६ च्या उन्हाळ्यात डार्टमथ कॉलेजात भरलेली परिषद, जॉन मॅकार्थी यांनी या विषयाला दिलेले नाव आणि त्यानंतर थेट आजचे चॅटबॉट एवढाच प्रवास असतो. पर्सेप्ट्रॉन हे चुकांतून शिकणारे यंत्र घडवणारे फ्रँक रोझेनब्लाट यांचे नाव त्यांत क्वचितच दिसते. आजच्या न्यूरल नेटवर्कचा (मेंदूतील पेशींच्या जाळ्यावर बेतलेल्या, उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय रचनेचा) वारसा ज्यांच्याकडून आला, त्यांतील हे एक प्रमुख नाव असल्यामुळे ही उणीव मला गंभीर वाटते.

मज्जापेशींचे कार्य तर्कशास्त्राच्या सूत्रांत मांडता येते, हे वॉरन मॅकलक आणि वॉल्टर पिट्स यांनी १९४३ मध्येच दाखवले होते. परंतु त्यांच्या मांडणीतील पेशी स्वतः काही शिकत नव्हत्या. मानसशास्त्रज्ञ असलेल्या रोझेनब्लाट यांनी बफेलो येथील कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत १९५७ च्या सुमारास घडवलेला पर्सेप्ट्रॉन मात्र उत्तर चुकले की आपल्या जोडण्यांचे भार, म्हणजे कोणत्या जोडणीला किती महत्त्व द्यायचे ते आकडे, बदलत असे. जुलै १९५८ मध्ये आयबीएम ७०४ या संगणकावर त्याचे प्रात्यक्षिक झाले, तेव्हा डावीकडे खूण असलेले कार्ड कोणते आणि उजवीकडे असलेले कोणते, हे तो सुमारे ५० प्रयत्नांनंतर ओळखू लागला. पुढे बांधलेल्या ‘मार्क १’ या यंत्रात ४०० फोटोसेल डोळ्याचे काम करीत आणि जोडण्यांचे भार म्हणजे विजेच्या मोटारींनी फिरवले जाणारे पोटेन्शिओमीटर (विद्युतरोध कमी-जास्त करणारी साधने) असत. शिकण्याची क्रिया तेथे प्रत्यक्ष पाहता येत होती.

पुढे पर्सेप्ट्रॉन मागे पडला, त्यात वृत्तपत्रांचाही वाटा आहे. हे यंत्र पुढे चालेल, बोलेल, स्वतःसारखे दुसरे यंत्र घडवील आणि त्याला आपल्या अस्तित्वाची जाणीव असेल, ही अमेरिकी नौदलाची अपेक्षा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्या वेळी छापली. कार्डावरील खुणेची बाजू एवढेच ओळखणाऱ्या यंत्राविषयी असे छापणे बेजबाबदारपणाचे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. १९६९ मध्ये मार्विन मिन्स्की आणि सीमोर पॅपर्ट या संशोधकांनी साध्या, म्हणजे शिकणाऱ्या जोडण्यांचा एकच थर असलेल्या, पर्सेप्ट्रॉनच्या मर्यादा गणिताने सिद्ध केल्या. त्यांचे गणित अचूक होते. पण हा मार्गच खुंटला, असा त्याचा अर्थ अनेकांनी लावला आणि या संशोधनाकडे पाठ फिरवली गेली. १९७१ मध्ये, ४३ व्या वाढदिवशीच, रोझेनब्लाट यांचा नौकाविहार करताना अपघाती मृत्यू झाला. अनेक थरांच्या जाळ्याला शिकवण्याची पद्धत रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या १९८६ मधील निबंधामुळे सर्वत्र पोहोचली, ती पाहायला ते नव्हते.

आपल्या विज्ञान पुरवणीत रोझेनब्लाट यांच्यावर स्वतंत्र लेख द्यावा, तसेच नव्या यंत्राची बातमी देताना त्याने कोणत्या चाचणीत नेमके काय करून दाखवले, हे निर्मात्यांच्या दाव्याच्या आधी छापावे, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, सातारा