आवटींची निवृत्तीनंतरची पस्तीस वर्षं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

येत्या 4 नोव्हेंबरला व्हाइस ॲडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी यांचा स्मृतिदिन आहे. 2018 मध्ये वयाच्या 91 व्या वर्षी त्यांचं निधन झालं. निवृत्तीनंतर ते आमच्या फलटण तालुक्यातल्या विंचुर्णी गावात राहत. पाऊस बेताचा, समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे, अशा मुलखात नौदलाचा एवढा मोठा अधिकारी येऊन राहिला याचं आम्हाला अजून अप्रूप वाटतं.

त्यांच्याविषयी जे छापून येतं ते बहुतेक पदकांपाशी थांबतं. 1971 च्या युद्धात बंगालच्या उपसागरात त्यांनी ‘कामोर्ता’ या युद्धनौकेचं नेतृत्व केलं, वीरचक्र मिळवलं, पुढे पश्चिम नौदल विभागाचे प्रमुख झाले. हे सांगायलाच हवं. पण 1983 मध्ये ते निवृत्त झाले आणि त्यानंतर तब्बल 35 वर्षं जगले. त्या वर्षांचा हिशेब कुणी मांडत नाही, म्हणून हे पत्र.

भारतीय माणसानं भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा त्यांचा ध्यास होता. तोवर एकाही भारतीयानं ते केलेलं नव्हतं. आवटी त्यासाठी पाठपुरावा करत राहिले आणि 2006 मध्ये नौदलानं ‘सागर परिक्रमा’ मनावर घेतली. कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी लाकूड आणि फायबरग्लासची 56 फुटी ‘म्हादेई’ बांधली. ऑगस्ट 2009 मध्ये दोंदे मुंबईहून निघाले आणि वाटेत फक्त चार बंदरांत थांबून मे 2010 मध्ये परतले.

नऊ महिने एकट्यानं समुद्रात म्हणजे काय, हे किनाऱ्यावर बसून उमगत नाही. सलग झोप मिळत नाही. थोडी डुलकी काढायची, उठून क्षितिजावर एखादं जहाज तर नाही ना ते पाहायचं, वारा फिरला असेल तर शीड आवरायचं, पुन्हा आडवं व्हायचं. दोर तुटला, सुकाणू बिघडलं, तर दुरुस्ती आपणच करायची. दक्षिणेच्या महासागरात लाटा घराहून उंच उठतात आणि मदत कित्येक दिवसांच्या अंतरावर असते.

दोंदेंच्या मागोमाग अभिलाष टॉमी गेले. 2012-13 मध्ये त्यांनी तीच ‘म्हादेई’ घेऊन कुठंही न थांबता फेरी पूर्ण केली. मग 2017-18 मध्ये वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी ‘तारिणी’तून जग फिरून आल्या. आवटींच्या हयातीत हे सगळं झालं, याचा मला फार आनंद वाटतो. त्यांच्यामागे, मे 2025 मध्ये दिलना आणि रूपा या दोन अधिकारी, दोघीच ‘तारिणी’ घेऊन परतल्या. वाट एकदा पडली की तिच्यावरून जाणारे निघतात. पण ती पाडण्यासाठी एका म्हाताऱ्या माणसानं वर्षानुवर्षं चिकाटी धरली होती. प्रवास दुसऱ्यांनी केला, नाव दुसऱ्यांचं झालं, आणि त्यांना नेमकं तेच हवं होतं. निवृत्त माणसाचं यापेक्षा मोठं साहस मला तरी माहीत नाही.

दर्यावर्दी इतिहासाचा अभ्यास व्हावा म्हणून सेवेत असतानाच, 1978 मध्ये, त्यांनी मुंबईत मेरिटाइम हिस्टरी सोसायटी स्थापन केली होती. निसर्ग आणि वन्यजीव हेही त्यांच्या जिव्हाळ्याचे विषय. त्यावर स्वतंत्र लेखच व्हायला हवा.

आता मूळ मुद्दा. 4 डिसेंबर 2023 चा नौदल दिन तारकर्लीला झाला. गर्दी झाली, युद्धनौकांची प्रात्यक्षिकं झाली. पण किनाऱ्यावरच्या शाळेतल्या किती मुलांना आज शीड उभारता येतं? कोळ्यांच्या पोरांनाही इंजिनाची होडीच ठाऊक. शिडाच्या होड्या शिकवणारे क्लब आहेत ते मुख्यतः मुंबईसारख्या शहरांत, आणि तिथलं शुल्क सगळ्यांना झेपणारं नाही. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि पालघर या जिल्ह्यांतल्या काही शाळांत तरी राज्य सरकारनं शिडाच्या लहान होड्या द्याव्यात, नौदलातून निवृत्त झालेल्यांना शिकवायला बोलवावं आणि त्या योजनेला आवटींचं नाव द्यावं. फार मोठा खर्च नाही. पोहणं, वारा ओळखणं, गाठी मारणं इथपासून सुरुवात करता येईल. कोकणातल्या निवृत्त नौसैनिकांना विचारलं तर पुष्कळजण आनंदानं येतील, याची मला खात्री आहे.

आपल्या दैनिकानं 4 नोव्हेंबरच्या अंकात त्यांच्यावर सविस्तर लेख छापावा आणि त्यात पदकांना एक परिच्छेद देऊन बाकीची जागा 1983 नंतरच्या कामाला द्यावी, ही विनंती. शाळांच्या होड्यांची सूचनाही त्यासोबत संबंधित मंत्र्यांपर्यंत पोचवता आली तर फार बरं होईल.

कळावे,
आपला नियमित वाचक,
फलटण, जि. सातारा